हर्रास पुकारणाऱ्याचं मेटल

‘अजून थोडी ढिली करतो, भाऊ.’

असं म्हणून तो गिटारची सगळ्यात जाड तार उलटी पिळायचा. तार आधीच इतकी सैल असायची की तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालावेत. तरी याचं समाधान नाही. एक पीळ, कान खाली, तोंड वाकडं, पुन्हा एक पीळ. शेवटी तार नुसती लोंबायला लागली की हा खूश. मग तिच्यावर एक फटका मारायचा आणि माझ्या छातीएवढ्या स्पीकरांच्या पोटातून म्हशीने ढेकर दिल्यासारखा आवाज निघायचा.

‘झालं समाधान?’ मी विचारायचो.

‘आता पोटात बसलं,’ तो म्हणायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चांगली वस्तू बिघडवल्याशिवाय त्यांना ती वापरताच येत नाही. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला मोठं करायचं काम मी एकदा फुकटात केलेलं आहे, दुसऱ्यांदा करायची माझी तयारी नाही.

आधी माझं सांगतो, कारण माझं कोणी सांगत नाही. मी अनसिंगचा. सायकलच्या कॅरियरला दोन भोंगे आणि एक अँप्लिफायर बांधून लग्नाघरी जायचो. आज वाशीमला माझं स्वतःचं गोदाम आहे, साउंडचे दोन मोठे सेट आहेत, ते वाहायला दोन गाड्या आहेत. यातलं काही मला कोणी दिलेलं नाही. एकेक वायर मी भाव करून घेतली आहे. अकोल्याचे दुकानदार मी दिसलो की नोकराला पुढे करून मागच्या दाराने जेवायला जातात.

मेटल माझ्याकडे दुरुस्तीला आलं. कोणा एका कॉलेजच्या पोराने टेपरेकॉर्डर टाकला आणि तो न्यायला परत आलाच नाही. आत कॅसेट होती. हेवी मेटल. करकरणाऱ्या गिटारी, सुसाट ड्रम आणि गाणारा असा ओरडतोय जसा त्याचा हात मळणीयंत्रात गेला आहे. मी त्या कॅसेटवर स्पीकर तपासायला लागलो. ज्या स्पीकरने हे सहन केलं, त्याला वऱ्हाडातल्या कोणत्याही वरातीची भीती नाही, हा माझा हिशेब. अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एक दिवस लक्षात आलं की स्पीकर केव्हाच तपासून झाला आहे आणि मी अजून ऐकत बसलो आहे.

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात. गणपतीचं काम सुरू होईपर्यंत माझे स्पीकर गोदामात पडून राहतात आणि उंदीर त्यांचे कागदी पडदे खातात. हिंगोली रोडवरचं मंगल कार्यालयही तेव्हा रिकामंच असतं. मी कार्यालयाच्या मालकाला गाठलं. दोन तास घासाघीस केली. पोळ्याच्या आधीचा रविवार मिळवला. अकोला, अमरावती, नांदेड इथल्या मेटल वाजवणाऱ्या पोरांना बोलावलं. मानधन नाही, पण साउंड माझा आणि जेवण माझं. आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात. खांद्यापर्यंत केस वाढवलेली, काळ्या टीशर्टातली पोरं सतरंजीवर ओळीने बसून जेवायची. आमचा आचारी पहिल्या वर्षी भाताची परात घेऊन फिरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘भाऊ, यातला नवरदेव कोनता?’

या कार्यक्रमाला लोक मेटलची पंगत म्हणायला लागले. नाव मी दिलेलं नाही, पण चाललं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. नंतर ऐकणारे आटत गेले. याला जबाबदार कोण, तर हीच अस्सल मेटलवाली पोरं. वाजवायची छान, मी नाही म्हणणार नाही. पण त्यांना ऐकणारा नकोच होता. नवीन कोणी आला तर त्याला विचारायचे, तू कोणाकोणाला ऐकलं आहेस? त्याने दोन नावं चुकीची सांगितली की तो बाद. एक जण वाजवायचा तेव्हा बाकीचे हाताची घडी घालून असे उभे राहायचे जसे दहावीच्या परीक्षेला बाहेरून आलेले पर्यवेक्षक. मान हलवायची तीसुद्धा जपून. शेवटी अशी पाळी आली की स्टेजवर पाच आणि खाली चार. त्या वर्षी आचाऱ्याने अर्धा भात गाईला घातला आणि मला म्हणाला, ‘भाऊ, तुमच्या पावन्यायच्या घरी कोनी गेलं काय? असे काहून बसून राह्यले?’

मी ठरवलं होतं, आता बंद. पुढच्या वर्षी उंदरांनी स्पीकर खाल्ले तरी चालेल.

पुढच्याच उन्हाळ्यात तो आला. साउंडचा जुना मिक्सर विकत घ्यायला. अर्धी चड्डी, उलटी टोपी, पायात प्लास्टिकची चप्पल. केसांत सोयाबीनचा भुसा. गालात ज्येष्ठमधाची काडी, त्यामुळे एक गाल फुगलेला. वय तिशीच्या आतलं. कुठून आला विचारलं तर म्हणाला, रिसोडहून.

‘काय करतो?’

‘मार्केट यार्डात पुकारतो.’

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे धान्याचे ढीग शेडमध्ये ओळीने लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ढिगापाशी जातो आणि लिलाव होतो, त्याला हर्रास म्हणतात. व्यापारी बोटं आणि भुवया हलवून भाव वाढवतात आणि एक माणूस तो भाव सलग, श्वास न घेता, ओरडून पुकारत राहतो. तो माणूस हा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड चालू.

मिक्सरची किंमत मी नेहमीसारखी चढवून सांगितली. माझी अपेक्षा, हा हसेल, मी चहा मागवीन, अर्धा तास मजेत जाईल. तो म्हणाला, ‘बरं.’

मीच म्हटलं, ‘अरे, भाव तर कर.’

‘दिवसभर दुसऱ्यायचेच भाव पुकारतो, भाऊ. सोताचा कायले करू?’

भाव न करणारा माणूस मला आवडत नाही. त्याच्याशी व्यवहार केल्यावर आपण काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. मी तेवढ्याच किमतीत त्याला वर एक केबल फेकून मारली.

केबल गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, ‘तुमच्या पंगतीत मलेबी वाजवायचं हाय.’

‘काय वाजवतो?’

‘नू-मेटल.’

मी इतक्या जोराने हसलो की बाहेर गाडी धुणारा ड्रायव्हर आत डोकावला.

हसण्याचं कारण सांगतो. हेवी मेटलचं घराणं मोठं आहे आणि त्या घराण्यात नू-मेटल म्हणजे ज्याचं नाव लग्नपत्रिकेत टाकत नाहीत असा भाऊ. गिटारीच्या तारा ढिल्या सोडायच्या. ड्रम सुसाट पळवायचा सोडून उड्या मारेल असा वाजवायचा. गायचं नाही, नुसतं भराभर बोलायचं. वर एक डीजे बसवायचा, तो तबकडी पुढेमागे घासून खरडल्यासारखे आवाज काढणार. अस्सल मेटलवाल्यांना याचा इतका राग की त्यांच्यासमोर नाव काढायची सोय नाही. मलाही राग. मी कष्टाने कान तयार केले होते.

त्याचा ड्रमवाला रिसोडच्या बँडपार्टीतला, वरातीत ताशा वाजवणारा. डीजे मंगरूळपीरचा, हळदीच्या कार्यक्रमात लोकांना नाचवणारा. गिटार याची स्वतःची. म्हणजे तिघांत मिळून एकही मेटलवाला नाही.

बंद म्हणता म्हणता पंगत पुन्हा लावलीच, तरी याला मी नाहीच म्हणणार होतो. पण त्या वर्षी अमरावतीची पोरं ऐन वेळी आली नाहीत आणि जेवणाच्या वेळेत स्टेज रिकामं राहायला लागलं. म्हटलं, वाजव पंधरा मिनिटं. लोक जेवत असतात, कोणाचं नुकसान नाही.

त्याने गिटार ढिली केली. म्हशीने ढेकर दिला. आणि मग त्याने तोंड उघडलं.

काय गाणं होतं म्हणता? हर्रासच होता. यार्डात पुकारतो तसंच, त्याच लयीत, श्वास न घेता.

‘बोला बोला कोन बोलते, दाना चावून कोन तोलते, ओला म्हनते काळा म्हनते, गोदामात गेला का गोरा होते, बोला बोला कोन बोलते…’

आचारी झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याच्यामागे पोळ्या लाटणाऱ्या बाया. समोरच्या ट्रॅक्टर गॅरेजातली माणसं हात पुसत रस्ता ओलांडून आली. एसटीच्या थांब्यावर दोन कुटुंबं उभी होती, तीही आत आली, बस गेली तरी. ही सगळी माणसं कधी ना कधी आपला माल घेऊन त्या ढिगापाशी उभी राहिलेली आणि व्यापाऱ्याने ओला-काळा म्हणून भाव पाडलेला पाहिलेली होती. ‘गोरा होते’ म्हटलं की अख्खं कार्यालय हसायचं आणि पुढच्या ठोक्याला ती ढिली तार अशी आदळायची की हसणारी माणसं उडी मारायची. एक आजोबा टोपी काढून हातात धरून उड्या मारत होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी मिक्सरपाशी उभा राहून दात खात होतो. हे संगीत नाही, हे मला दिसत होतं. हे चाललं आहे, हेही दिसत होतं.

त्याच्यानंतर अकोल्याची पोरं होती. अस्सल. सुसाट. मला वाटलं, आता ही सगळी गर्दी चपला घालणार. नाही घातल्या. आलोच आहोत तर बघू, म्हणून थांबली. अकोल्याचा गाणारा, त्याला आपण लांबकेश्या म्हणू, इतकी वर्षं भिंतीकडे पाहून गायची सवय असलेला. समोर भरलेलं कार्यालय पाहून तो पहिल्या गाण्यापासूनच गळा ताणून ओरडायला लागला. दुसऱ्याच गाण्याला त्याचा आवाज बसला. गळा धरून स्टेजच्या मागे आला तेव्हा ह्या चड्डीवाल्याने गालातली सोडून खिशातली नवी ज्येष्ठमधाची काडी त्याला दिली.

‘दादा, गळ्यातून कायले वरडता? पोटातून पुकारा. आमाले सकाळपासून दिवस बुडेलोक पुकारा लागते. गळ्यातून पुकारलं असतं त मुका झालो असतो.’

आणि त्याच्या पोटावर हात ठेवून त्याने त्याला श्वास शिकवला. पाच मिनिटांत. लांबकेश्या परत गेला आणि त्या दिवशी जसा गायला तसा आधी कधी गायला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण लांबकेश्याने ठेवली नाही.

पुढची तीन वर्षं पंगतीला जागा पुरली नाही. रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, सगळीकडून पोरं यायला लागली. वाशीमच्या ज्या दुकानात हार्मोनियमचे भाते आणि तबल्याच्या वाद्या मिळायच्या, त्याने काचेत गिटारी टांगल्या. गावोगावची पोरं आपल्या तारा ढिल्या करून मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवायला लागली. सगळीच भिकार. पण त्यातली काही वाजवता वाजवता सुधारली. सुधारली तशी त्यांनी तारा कसल्या. तारा कसल्यावर त्यांना जुनं, जलद, अस्सल मेटल सापडलं. केस वाढले, टीशर्ट काळे झाले. आणि अस्सल झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? याच्या नावाने थुंकायला लागली. ‘ते काय मेटल हाय काय? ते त हर्रास हाय.’ ज्या दरवाजातून आत आले त्यावर लाथ मारल्याशिवाय यांना घरात आल्यासारखं वाटत नाही.

मला त्यांची कीव येत नाही, रागच येतो. पण याचाही येतो. कारण जी पोरं थुंकत नव्हती ती म्हणत होती, वाशीमचं मेटल मेलं होतं, ते याने उठवलं. याने! मग इतकी वर्षं साउंड कोणाचा होता? आलू-वांगी कोणाची होती? मी काय सतरंज्या झटकत होतो? झटकतही होतो, ती गोष्ट वेगळी.

त्याला याचं काही नव्हतं. कौतुक झालं तरी ‘बरं’, शिवी दिली तरी ‘बरं’. जेवायला बसला की वरणातली डाळ आधी दाढेखाली धरून पाहायचा आणि आचाऱ्याला सांगायचा, ‘तूर नवी हाय, पानी जास्त पेली.’ आचारी त्याला दोन पोळ्या जास्त वाढायचा. माझ्या केबली तो मी शिकवल्यासारख्या गुंडाळायचा, एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे वायर आत तुटत नाही. इतर बँडवाली पोरं माझी केबल सापासारखी टाकून निघून जात.

एकदाच तो थोडा बोलला. सामान गाडीत भरत होतो. मी चिडवलं, ‘काय रे, पुन्याले काहून जात नाई? तिथी तुह्यासारख्यायले विचारतात म्हने.’

तो म्हणाला, ‘तिथी जाऊन काय करू? माह्या गोष्टी इथल्याच लोकायले समजतात. आन् इथी एकच जागा हाय, तुमची. वर्षातले सगळे दिवस माहा आवाज दुसऱ्यायच्या मालाचा असते, भाऊ. हा एक दिवस तेवढा माहा असते.’

मी म्हटलं, ‘बरं बरं, तो स्टँड उचल.’

आता ती गोष्ट सांगतो जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

गेल्या वर्षीच्या पंगतीआधी लांबकेश्या गोदामात आला. सोबत आणखी दोन बँडचे मुखिया. बसले. चहा प्याले. माझा चहा पिऊन म्हणाले, ‘भाऊ, या वर्षी तो असला त आमी येत नाई.’

‘काहून?’

‘आमचं नाव खराब होते. नागपूरचे लोक हसतात. हर्रासवाल्यासोबत वाजवता म्हनतात.’

‘अबे, तुले श्वास घ्याले त्यानं शिकवलं!’

लांबकेश्या मान खाली घालून म्हणाला, ‘ते वेगळं.’

मी उठून त्याच्या अंगावर गेलो. ड्रायव्हरने मधे पडून मला बसवलं. पण राग उतरल्यावर डोकं चालायला लागलं. तीन बँड गेले तर पंगत अर्धी रिकामी. हा गेला तर लोक नाराज. दोघेही पाहिजेत. आणि दोघांना हवं असलेलं एकाच दुकानातून द्यायचं, हे तर मी आयुष्यभर केलं आहे. त्याला दर वर्षी पाऊण तास मिळायचा, तोही संध्याकाळी, गर्दीच्या वेळेला. मी ठरवलं, त्याला म्हणायचं दुपारी दहा मिनिटं. तो म्हणेल, पाऊण तास. मी म्हणेन पंधरा. तो म्हणेल चाळीस. पंचवीसवर आणून सोडायचं. तिकडे लांबकेश्याला सांगायचं, बघ, त्याचा अर्धा वेळ कापला. सगळे खूश.

तो आला. गालात काडी. मी खुर्चीतून उठलो नाही.

‘या वर्षी दहा मिनिटं. दुपारी. जेवनाच्या टायमाले.’

 मी त्याच्या तोंडातून पाऊण तास निघायची वाट पाहत राहिलो.

‘बरं,’ तो म्हणाला.

मला वाटलं, याने नीट ऐकलं नाही. 

‘दहाच मिनिटं म्हनलो मी.’

‘ऐकलं ना, भाऊ.’

‘अरे, मंग बोल ना काही! तोंड हाय ना तुले?’

‘तुमी भाव बोलले. मी मानला. सौदा झाला.’

आणि गेला. तुम्ही म्हणाल, मी हाक मारायला पाहिजे होती. खरं आहे. पण पहिला आकडा मी टाकलेला होता. आता समोरच्याने काही न बोलता मीच वर चढायचं? असं मी कधी केलं नाही. मला उलट त्याचा संताप आला. इतकी वर्षं यार्डात उभं राहून पहिल्या बोलीला माल जात नसतो, एवढं या माणसाला कळू नये? का त्याला सगळं कळत होतं आणि मी खरंच दहा मिनिटांचीच किंमत केली, असं त्याने धरलं? 

पंगतीच्या दिवशी तो दुपारी वेळेवर आला. हातातलं घड्याळ काढून ड्रमच्या स्टँडला अडकवलं. तार ढिली केली. पहिला फटका पडला तशी जेवणारी माणसं उठली. हात न धुता, काही तर ताट हातात घेऊन स्टेजपाशी पळाली. आचारी ओरडत होता, ‘सतरंजीवर सांडू नका बे!’ त्याचं कोणी ऐकलं नाही. लांबकेश्या आणि त्याची माणसं मागच्या भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी.

मी खोटं लिहिणार नाही. त्या दिवशी तो जसा पुकारत होता तसा आधी कधी पुकारला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी तो बाही खाली ओढून झाकला.

आणि मग एका ओळीच्या मधोमध तो थांबला. गिटारवर पंजा ठेवून तार दाबली. ड्रमवाला एक ठोका जास्त वाजवून थांबला.

‘दहा झाले,’ तो माइकमध्ये म्हणाला. ‘ठरलं तेवढं झालं.’

लोकांना वाटलं गंमत आहे. मग कळलं, गंमत नाही. ‘पुढं! पुढं!’ असा ओरडा सुरू झाला. एका बाईने ताट वाजवलं. तो लोकांकडे पाहत नव्हता. कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरपाशी मी उभा होतो, तो माझ्याकडे पाहत होता. माझ्या हाताशी माइक होता. त्यात ‘वाजव’ एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं नाही. मनात आलं, एकदा विचार. एकदा तू तोंडाने माग, मी तास देतो. एवढी माणसं पाहत असताना मीच का आधी बोलू? मागून लांबकेश्याही माझ्याकडेच पाहत होता. हे सगळं फार वेळ चाललं नसेल. मग मी मिक्सरवरची त्याच्या माइकच्या आवाजाची पट्टी खाली ओढली.

त्याने पाहिलं. मान हलवली. गिटार खाली ठेवली, केबल काढली आणि ती गुंडाळायला लागला, एक वेढा सरळ, एक उलटा. सगळ्या केबली पेटीत ठेवल्या. पेटीची कडी लावली. जेवला नाही.

या वर्षी त्याला निरोप पाठवला होता, ड्रायव्हरसोबत. ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, त्याने गिटार विकून टाकली आहे. कोणाला विकली? कारंज्याच्या एका पोरीला. कितीला विकली असेल ते विचारायचं मी टाळलं. त्याने भाव केला नसणार.

पंगत या वर्षी छान झाली. माणसं होती, बँड नऊ होते, एकापेक्षा एक कसलेले. नागपूरहून पाहुणे आले आणि हसले नाहीत. लांबकेश्या पोटातून गायला. ती कारंज्याची पोरगीही आली होती, तिने तारा कसून घेतल्या आहेत. सगळं अस्सल. नागपूरच्या एका पाहुण्याने मला विचारलं, ‘इतक्या लहान गावात हे एवढं कसं काय उभं राहिलं?’ मी तोंड उघडलं आणि स्वतःचं नाव सांगायचं सोडून म्हटलं, ‘जेवून घ्या.’

मग सोयाबीन निघालं. अनसिंगला माझा थोडा तुकडा आहे. माझा माल नेहमी वाशीमलाच जातो, यार्ड गोदामापासून हाकेवर आहे. या वर्षी मी गाडी रिसोडला नेली. ड्रायव्हर म्हणाला, ‘भाऊ, डिझेल जाळून तितलं दूर कायले?’ मी म्हटलं, भाव जास्त आहे. नव्हता.

माझा ढीग शेडच्या सुरुवातीलाच लागला. घोळका आला. घोळक्यात तो. टोपी उलटी, गालात काडी. त्याने माझ्या ढिगातला दाणा उचलून दाढेखाली फोडला, माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पुकारायला लागला. तोच आवाज. पोटातून. व्यापाऱ्यांच्या भुवया हलत गेल्या, भाव चढत गेला, एका जागी येऊन थांबला. तीनदा पुकारून झालं.

‘देता काय, मालक?’ त्याने विचारलं. भाऊ नाही म्हणाला.

बोली पटली नाही तर माल नाकारायचा शेतकऱ्याला हक्क असतो. मग पुकारा पुन्हा होतो.

‘नाई देत,’ मी म्हटलं.

त्याने पुन्हा पुकारलं. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्याच भावाला येऊन थांबलं.

‘देता काय?’

‘नाई देत.’

एक व्यापारी खेकसला, ‘सोयाबीन हाय का केसर हाय? याले विकाचं हाय का नुसतं पाहाचं हाय?’ दुसरे हसले. तो हसला नाही. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मी कशासाठी आलो आहे ते त्याला समजलं.

रिसोडला येईपर्यंत गाडीत मी एक वाक्य तयार केलं होतं. पाऊण तास, संध्याकाळी, तू म्हणशील तसं. मी तोंड उघडलं.

‘वीस मिनिटं देतो,’ मी म्हटलं.

माझ्या कानांनी ऐकलं तेव्हा मला कळलं. व्यापारी एकमेकांकडे पाहायला लागले. त्याने काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

‘मालकाचं द्याचं मन नाई,’ तो घोळक्याला म्हणाला. ‘चला, पुढं.’

घोळका पुढच्या ढिगाकडे सरकला. ड्रायव्हर विचारत होता, पोती परत भरायची का. मी त्याला हाताने गप्प केलं आणि माझ्याच सोयाबीनवर बसलो. शेडच्या टोकापर्यंत अजून बावीस ढीग होते. मी सगळे ऐकले.